रेखाला आणायला दिल्लीला

जानेवारीतल्या एका सकाळी आमच्या शाळेत एक हवालदार आला आणि त्याने रेखाचा शाळा सोडल्याचा दाखला मागितला. मुख्याध्यापक रजेवर होते, म्हणून कारकुनाने त्याला माझ्याकडे पाठवलं. हवालदाराने आधी शिक्षकांच्या खोलीचं दार ओढून घेतलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "दिल्लीत एका फ्लॅटवर छापा पडलाय. धंद्याचा प्रकार. त्यात ही पोरगी सापडली. वय आणि पत्ता तपासून कळवायचाय."

जत तालुक्यातल्या आमच्या गावी मी हायस्कुलात हिंदी शिकवते. रेखा पाचवीपासून दहावीपर्यंत माझ्या वर्गात होती. निबंध पाठ न करता लिहिणारी ती एकच मुलगी. दीड वर्षापूर्वी गावातल्याच एका ड्रायव्हरच्या बायकोबरोबर ती दिल्लीकडच्या मानेसरला गेली होती. तिथे मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात पॅकिंगचं काम लागलं होतं. दर रविवारी गावच्या बूथवर तिचा फोन यायचा. दिवाळीनंतर तो बंद झाला. मी शिकवलेल्या हिंदीच्या जोरावर पोरगी दिल्लीला गेली, हे मी तोवर कौतुकाने सांगत असे.

तिची आई शांताबाई डाळिंबाच्या बागेत रोजाने जाते. ती देवाला सोडलेली. नऊ वर्षांची असताना केसांत जट झाली. घरात चार मुली, वर दुष्काळ. आईबापांनी देवीच्या डोंगरावर नेऊन तिच्या गळ्यात मोती बांधले. पुढे कुणीतरी सांगलीला धंद्याच्या गल्लीत नेऊन ठेवली. रेखा पोटात असताना ती तिथून निघून गावी आली आणि परत गेली नाही. गावाला हे सगळं ठाऊक आहे आणि गाव ते विसरत नाही. रेखाला पाचवीत घातली तेव्हा बापाच्या नावाचा रकाना रिकामा होता. मी कारकुनाशी भांडून तिथे शांताबाईंचं नाव लिहायला लावलं होतं.

त्या दुपारी बातमी कळताच शांताबाई माझ्या घरी आल्या आणि उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या.

"बाई, मी सांगलीच्या पल्याड कदी गेले न्हाई. तुमाला हिंदी येती. येता का संगं?"

मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर, म्हटल्यावर रात्रभर मला त्याची भीती वाटत होती.

आर. के. पुरम

मिरजेहून निजामुद्दीनला पोचलो तेव्हा धुक्यात फलाटाचं दुसरं टोक दिसत नव्हतं. माझी मामेबहीण नंदा आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहते. तिचे यजमान मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. एका जिन्यावर सहा घरं आणि सहा राज्यं. खालच्या घरातून रस्समचा वास, समोरून मोहरीच्या तेलाचा. तिसऱ्या मजल्यावर नंदाचं दार, आणि दारात तिची पंधरा वर्षांची मुक्ता. "मावशी, आओ ना! मम्मी, मावशी आ गई!" मुक्ता मराठी बोलते, पण मध्येमध्ये शब्द सापडत नाहीत. मी 'शेगडी' म्हटलं तर तिने आईकडे पाहिलं, आणि नंदाने सांगितलं, "अंगीठी गं."

मी नंदाला फोनवर फक्त 'कोर्टाचं काम आहे' एवढंच कळवलं होतं. शांताबाईंची ओळख 'आमच्या गावच्या' अशी करून दिली. त्या खुर्चीवर बसेनात. दिवाणखान्याच्या भिंतीला टेकून, पाय पोटाशी घेऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी नंदाने सहज विचारलं, "कोर्टात केस कसली आहे? जमिनीची?"

मी काहीतरी जुळवायला तोंड उघडलं, पण शांताबाईच म्हणाल्या, "न्हाई ताई. माजी पोरगी धंद्यात सापडली. तिला सोडवायला आलोय."

नंदाने मुक्ताला आतल्या खोलीत पाठवलं. मग स्वयंपाकघरात मला गाठून दबक्या आवाजात म्हणाली, "सुनंदाताई, आधी सांगायचं होतंस यार."

"सांगितलं असतं तर?"

ती कप विसळायला लागली. "पता नहीं," म्हणाली. मला तिचा राग आला नाही. हवालदार दार ओढून घेत होता तेव्हा मलाही ते बरंच वाटलं होतं.

संध्याकाळी मी बाहेरून आले तर शांताबाई ओट्यापाशी उभ्या होत्या. कोपऱ्यावरच्या दुकानात ज्वारीचं पीठ मिळालं नव्हतं, पण बाजरीचं भरपूर होतं. त्या दोन हातांवर भाकरी थापत होत्या, आणि मुक्ता शेजारी स्टुलावर बसून विचारत होती, "ये टूटती कैसे नहीं?" नंदा लसणाची चटणी वाटत होती. जेवताना ती शांताबाईंना एवढंच म्हणाली, "उद्या थंडी जास्त असणार. माझा स्वेटर घालून जा."

संरक्षणगृह

रेखाला पश्चिम दिल्लीतल्या सरकारी संरक्षणगृहात ठेवलं होतं. मोफत कायदेशीर मदतीच्या यादीतली एक तरुण वकील आम्हाला फाटकाशीच भेटली. तिच्या एका खांद्यावर काळा कोट आणि दुसऱ्यावर लॅपटॉपची पिशवी होती. मी माझ्या पाठ्यपुस्तकी हिंदीत सुरुवात केली, "महोदया, हम आपके आभारी हैं." ती हसली. "आंटीजी, महोदया तो मुझे कोर्ट में भी कोई नहीं बोलता."

मग तिने आम्हाला नीट समजावून सांगितलं. मला जेवढं समजलं तेवढं लिहिते, कारण मलाही यातलं काहीच माहीत नव्हतं. बाईने स्वतः हे काम करणं हा कायद्याने गुन्हा नाही. जागा चालवणं, दलाली करणं, तिच्या कमाईवर जगणं, भर रस्त्यात गिऱ्हाईक बोलावणं, हे गुन्हे. तो फ्लॅट चालवणाऱ्या जोडप्यावर वेगळा खटला होता आणि रेखा त्यात साक्षीदार होती. म्हणजे ती आरोपी नव्हती. पण छाप्यात सापडलेल्या बाईला कुठे पाठवायचं ते मॅजिस्ट्रेटने चौकशी करून ठरवायचं असतं. घरचे लोक योग्य वाटले तर त्यांच्याकडे. नाही वाटले तर संरक्षणगृहात, अगदी तीन वर्षांपर्यंत.

"तिने गुन्हा केला नाही, तरी तीन वर्षं?" मी विचारलं.

"कायदा म्हणतो, तिच्या भल्यासाठी." वकील बाईंनी शांताबाईंकडे ओझरतं पाहिलं. "आणि गावाकडून रिपोर्ट आलाय. आई स्वतः पूर्वी याच धंद्यात होती, असं लिहिलंय. घर अयोग्य."

मी हे मराठीत सांगितलं. शांताबाईंनी ऐकून घेतलं आणि स्वेटरच्या बाह्या ओढून हात आत घेतले.

भेटीच्या खोलीत एक लांब बाक होतं. रेखा आली. केस आखूड कापलेले, अंगावर कुणीतरी विणलेला जांभळा स्वेटर. तिने आधी मला वाकून नमस्कार केला, मग आईजवळ बसली. दोघी एकमेकींना बिलगल्या वगैरे नाहीत. शांताबाईंनी तिच्या मनगटाला हात लावून पाहिला, ताप पाहतात तसा.

"जेवतीस का?"

"जेवते. डाळ पातळ असते."

मी धीर करून म्हणाले, "रेखा, तुला फसवून नेलं, असं मॅजिस्ट्रेटना सांगता येईल."

तिने माझ्याकडे बघितलं. "बाई, फसवलं ठेकेदारानं. एका सकाळी बस आली आणि गेटवर म्हणाले, आजपासून तीस मुलींना काम नाही. खोलीत दीड महिना बसले. गावी येऊन काय सांगणार होते? तिथं आधीच म्हणत होते, आईसारखीच निघणार. मग ओळखीच्या बाईनं दिल्लीतल्या द्वारकेत पार्लरचं काम सांगितलं. पहिल्या दिवशीच कळलं कसलं पार्लर. मी परत फिरले नाही. दोन महिने राहिले."

"कुणी डांबून ठेवलं होतं?"

"दाराला कुलूप नव्हतं, बाई. खाली सोसायटीचं मंदिर, मुलांची घसरगुंडी. लिफ्टमधे भेटणारी माणसं गुड मॉर्निंग म्हणायची." मग म्हणाली, "मला ते आवडत होतं असं नाही. परत जायचं नाही तिथं. पण खोटं कशाला सांगू?"

वकील बाईंनी मार्ग सुचवला. सुनंदा बाई शिक्षिका आहेत, रेखाला त्यांच्या ताब्यात द्या, असा अर्ज करू. मला आतून बरं वाटलं. कुणी तरी आपल्याला योग्य माणूस म्हणतंय याचा एक अभिमानच वाटला.

रेखा म्हणाली, "बाई, राग मानू नका. मला कुणाच्या ताब्यात जायचं नाही. मी बावीस वर्षांची आहे. मानेसरच्या माझ्या खोलीवर जायचंय."

राग आला. थोडासा आलाच.

मानेसर

वकील बाई म्हणाल्या होत्या की खोलीच्या मालकिणीने लिहून दिलं तर उपयोग होईल. तेव्हा आम्ही दोघी मानेसरला निघालो आणि गुडगावात चुकलो. सहा जणांच्या शेअर रिक्षात दहा जण, आणि उतरवलं ते एका काचेच्या प्रचंड इमारतीसमोर. दरवानाने आम्हाला सलाम ठोकून दार उघडलं म्हणून आत गेलो. आत सरकता जिना. शांताबाई त्याच्यासमोर उभ्या राहून पायऱ्या उगवताना बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ह्यो कुठं जातो?" मलाही सांगता येईना. रस्त्याच्या पलीकडे मोहरीचं पिवळं शेत होतं, आणि त्या शेतात 'लक्झरी फ्लॅट' असा फलक रोवलेला होता.

मानेसरच्या वाटेवर डावीकडे अरवलीचे ठेंगणे डोंगर दिसतात. रंगाने आणि झुडपांनी थेट आमच्या जतच्या माळासारखे. शांताबाई पहिल्यांदाच खिडकीबाहेर बोट दाखवून काही बोलल्या, "ही आपलीच जिमीन." मग एकदम कारखाने लागले. उंच भिंती, एकसारख्या बसेस, आणि शिफ्ट सुटल्यावर त्यांतून उतरणारी निळ्या सदऱ्यांतली शेकडो मुलं-मुली. अशा पोरांसाठी जुन्या गावातल्या शेतकऱ्यांनी गोठ्यांच्या जागी खोल्यांच्या ओळी बांधल्या आहेत.

रेखाची मालकीण साठीची, घागरा आणि डोक्यावरून डोळ्यांपर्यंत ओढलेली ओढणी. बाजेवर बसून हुक्का ओढत होती. मी आमचं नाव-गाव सांगितलं.

"रेखा की माँ सै?" तिने ओढणी वर केली आणि शांताबाईंना नीट पाहिलं. "बैठ जा."

आधी ताकाचे पितळी पेले आले. मग बाजरीची रोटी, वर लोण्याचा गोळा आणि गूळ. आमच्या भाकरीच्या दुप्पट जाड. शांताबाईंनी ती हातात घेऊन वजन केलं, कडा दाबून पाहिली, आणि मराठीतच म्हणाल्या, "लई जाड थापलीया, पन भाजली झ्याक." मालकीण हरियाणवीत काहीतरी म्हणाली. मला दोघींमधलं भाषांतर करावं लागलं नाही. तिने शांताबाईंच्या तळहाताचे घट्टे पाहिले, आपले दाखवले, आणि त्या दोघी हसल्या.

मग मी कामाचं बोलले. रेखा कुठे सापडली ते तिला ठाऊक असेल का, या धास्तीने शब्द अडखळत होते. म्हातारीने हुक्का बाजूला ठेवला.

"बेरा सै मन्ने. पुलिस आई थी याड़े." तिला सगळं ठाऊक होतं. मग ती सावकाश बोलली. काम गेल्यावर पोरगी खोलीत बसून असायची, जेवायची नाही. मीच म्हटलं, घरी जा. तर म्हणाली, दादी, घरी जायला तोंड नाही. "मेरी भी तीन छोरी सैं. कमरा राख्या सै उसका. आ जावै."

रेखाच्या खोलीत तिची जोडीदार फूलमणी राहत होती, झारखंडची, त्याच ओळीतल्या दुसऱ्या कारखान्यात लागलेली. पहिल्या पाळीहून ती नुकतीच आली होती. तिने रेखाची ट्रंक उघडून दाखवली. कपडे घडी घालून ठेवलेले, वर डांबराच्या गोळ्या. "दीदी का सब ठीक है," ती म्हणाली. मी कागदावर मजकूर लिहिला, म्हातारीने अंगठा उठवला, फूलमणीने सही केली. म्हातारी अंगठा पुसत म्हणाली, "लिखा-पढ़ी की के जरूरत थी?"

कोर्ट

सुनावणी बंद खोलीत झाली. मॅजिस्ट्रेट बाई होत्या, पन्नाशीच्या, सर्दीने हैराण. खोलीत एक हीटर, त्याच्या बाजूला त्यांचा कारकून. वकील बाई, रेखा, शांताबाई आणि मी. दुभाषी म्हणून माझं नाव लिहून घेतलं.

कारकुनाने दाखला हातात घेतला. "पिता का नाम?"

मी म्हटलं, "माता का लिखा है. शांता." त्याने मान वर केली, मॅजिस्ट्रेटकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "जो लिखा है वही लिखिए."

वय सिद्ध झालं. मग त्यांनी गावचा रिपोर्ट पुढे घेतला आणि शांताबाईंना विचारलं, हे खरं आहे का, आणि मुलगी तुमच्याकडे आली तर तिला तुम्ही कसं सांभाळणार.

मी प्रश्न मराठीत सांगितला. शांताबाई उभ्याच होत्या. म्हणाल्या, "खरं हाय. मी सांगलीत अकरा वर्सं धंदा केला."

मी हिंदीत म्हणाले, "ये पहले सांगली में रहती थीं. बहुत कठिन परिस्थितियों में जीवन बिताया."

"बाई," मागून रेखाचा आवाज आला, "आई असं म्हणाली नाही. नीट सांगा."

वीस वर्षं मुलांचे अनुवाद तपासते मी. मॅजिस्ट्रेट बाई रुमाल नाकाला धरून माझ्याकडे पाहत होत्या. मी माफी मागितली आणि पुन्हा सांगितलं, शब्दाला शब्द. "मैंने सांगली में ग्यारह साल धंधा किया."

"पुढं सांगा," शांताबाई म्हणाल्या. "मी नऊ वर्सांची हुते. मला देवाला सोडताना कुनी इचारलं न्हाई. सांगलीला नेताना कुनी इचारलं न्हाई. हिला सांभाळायचं काय इचारता मला? ती शानी हाय. तिला कुटं ऱ्हायचंय ते तिला इचारा."

मी ते सगळं सांगितलं. शब्द एकही सोडला नाही.

मॅजिस्ट्रेट बाईंनी रिपोर्ट मिटून बाजूला ठेवला आणि रेखाला जवळ बोलावलं. "बेटा, कहाँ जाना चाहती हो?"

रेखाने माझ्यापेक्षा कितीतरी सरळ हिंदीत उत्तर दिलं. मानेसरला तिची खोली आहे. काम हातात नाही, शोधेल. त्या फ्लॅटवर परत जाणार नाही. साक्षीला बोलावलं तर येईल. कुणाच्या ताब्यात न देता सोडता येत असेल तर तिला तसं सोडावं. वकील बाईंनी अंगठ्याचा कागद पुढे केला. मॅजिस्ट्रेटनी तो दोनदा वाचला, मध्ये एक शिंक दिली, आणि रेखाला आणखी दोन-तीन प्रश्न विचारले. कुणी धमकावलंय का? कुणी शिकवून पाठवलंय का? रेखा म्हणाली, "शिकवलं असतं तर बरं बोलले असते."

त्या हसल्या. मग कारकुनाला सांगून आदेश लिहवला. मुलगी सज्ञान आहे, ती स्वतःच्या मर्जीने जाऊ इच्छिते, तिला जाऊ द्यावे.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर वकील बाईंनी शांताबाईंचा हात दोन्ही हातांत घेतला. मला म्हणाल्या, नेहमी असं होत नाही. मी शांताबाईंना हे सांगितलं नाही. मी त्या व्हरांड्यातल्या बाकावर बसले. रेखा पाणी घेऊन आली. "बाई, पास झालात तुम्ही. दुसऱ्या प्रयत्नात," असं म्हणून ती हसली.

निरोप

कागद पुरे होऊन रेखा फाटकाबाहेर आली ती दुसऱ्या दिवशी दुपारी. नंदा स्वतः आली होती आमच्याबरोबर, ऑफिसला जाणाऱ्या लोकांच्या बसमध्ये उभी राहून. तिने रेखाला घरी जेवायला नेलं. मुक्ताने रेखाला तिची हिंदी इतकी छान कशी असं विचारलं, आणि रेखाने माझ्याकडे बोट दाखवलं. नंदाने बटाटेवडे केले होते. रेखाने सात खाल्ले.

आम्हा दोघींचं परतीचं तिकीट शनिवारचं होतं. शुक्रवारी रेखाला पोचवायला मानेसरला गेलो. म्हातारीने गच्चीवर बाज टाकून दिली. ऊन चांगलं पडलं होतं. फूलमणीने सांगितलं की तिच्या कारखान्यात चेकिंगला मुली घेताहेत, सोमवारी गेटवर ये. घेतील की नाही, किती दिवस ठेवतील, ते कुणालाच माहीत नव्हतं. रेखा ट्रंकेतले कपडे काढून उन्हात टाकत होती. एकाएकी, पाठमोरीच, म्हणाली, "आई, राहतीस का थोडे दिवस?"

शांताबाईंनी कनवटीची पिशवी सोडून तिकिटाचा कागद माझ्या हातात दिला.

"बाई, तुमी जावा. बागेत मुकादमाला सांगा, शांता पोरीकडं ऱ्हायली."

गाडी निजामुद्दीनहून सुटली तेव्हा धुकं उठलं होतं. मथुरेच्या अलीकडे तिकीट तपासनीस आला. यादीवर बोट ठेवून म्हणाला, "आपके साथ एक और हैं, शांता?"

"नहीं आईं," मी म्हणाले. "बेटी के पास रह गईं."

"अच्छा है," असं म्हणून त्याने नावावर रेघ मारली आणि पुढे गेला. शांताबाईंचा बर्थ समोर रिकामा होता. रेखाने बांधून दिलेली रोटी मी सोडली, गुळाशी सगळी खाल्ली, आणि पाय पसरून झोपले. जाग आली तेव्हा खिडकीबाहेर ऊस दिसत होता आणि फलाटावर कुणीतरी मराठीत चहा ओरडत होतं.